‘तारण’ शब्दाचा अर्थनिर्णय : जुन्या ख्रिस्ती मराठी कागदांची परीक्षा

भिवंडी येथील एका जुन्या घराचें दप्तर पाहण्याचा योग आम्हांस नुकताच आला. सावकारी खतें, गहाणपत्रें, पंचांगें, पोथ्यांचीं सुटीं पानें असा त्यांत नेहमींचाच संभार होता. गहाणखतांच्या रुमालांत मात्र बाळबोध अक्षरांनीं लिहिलेलीं चार पानें निराळीं दिसलीं. आरंभींचीं व अखेरचीं पानें गहाळ झाल्यामुळें ग्रंथाचें नांव, कर्ता, शक यांपैकीं कांहींच कळेना. ज्या गृहस्थांनीं हें दप्तर पूर्वीं लाविलें, त्यांनीं या पानांत ‘तारण’, ‘खंडणी’ व ‘मुबदला’ हे तीन शब्द पाहून तीं देण्याघेण्याच्या कागदांत घातलीं होतीं. आमच्यासमवेत असलेल्या एका संग्राहक मित्रांनीं चौथ्या पानावरील श्वेत अश्वावर आरूढ झालेल्या खड्गधारी पुरुषाचें वर्णन वाचून, हीं पानें कल्किपुराणाच्या एखाद्या प्राकृत टीकेचीं असावींत, असा तर्क केला. दोन्ही तर्क साधार होते आणि दोन्ही चुकीचे होते. तीं पानें प्रॉटेस्टंट ख्रिस्ती मताच्या एका उपदेशाचीं निघालीं. त्यांत क्रमानें तीन विषय आहेत : मनुष्याचें तारण, आत्म्यांची परीक्षा आणि जगाचा शेवट.

असे कागद कोंकणांत व देशावर अनेक घरांतून आहेत. ते ओळखूं न आल्यामुळें भलत्या रुमालांत पडतात. आणि ओळखूं आले म्हणजे ‘पाद्र्यांचे कागद’ म्हणून रद्दींत जातात. दोहोंपैकीं दुसरी गति अधिक दुःखद होय. कारण या लेखनांतील मत परदेशांतून आलेलें असलें तरी शब्द आपल्या शास्त्रांचे, पुराणांचे व दप्तरांचे आहेत; ते नव्या अर्थानें कसे राबविले गेले हा मराठी भाषेच्या इतिहासाचाच एक अध्याय आहे. म्हणून या मताची मांडणी व तिची परिभाषा संग्राहकांच्या उपयोगाकरितां येथें सांगण्याचें योजिलें आहे. मताचें मंडन किंवा खंडन हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. परंतु पूर्वपक्ष प्रामाणिकपणें मांडल्यावांचून कागदाची ओळख पटत नाहीं, हा आपल्या शास्त्रकारांचाच दंडक आहे.

१. पूर्वपक्ष

सुवार्तावादी प्रॉटेस्टंट शिकवण थोडक्यांत अशी. ईश्वर एक असून तो पवित्र व न्यायी आहे. मनुष्यानें त्याची आज्ञा मोडली. म्हणून पाप म्हणजे केवळ अज्ञान किंवा मल नव्हे, तर ईश्वराचा अपराध होय व त्यास दंड आहे. दान, तप, यात्रा, सदाचार यांनीं तो दंड फिटत नाहीं, कारण अपराध्याजवळ तो फेडण्यापुरतें द्रव्यच नाहीं. ईश्वरानें आपल्या पुत्रास मनुष्यरूपानें पाठविलें. त्यानें वधस्तंभावर मरून तो दंड आपणावर घेतला आणि तो तिसऱ्या दिवशीं पुन्हा उठला. जो मनुष्य पश्चात्ताप करून त्याच्यावर विश्वास ठेवितो, त्यास ईश्वर कृपेनें निर्दोष ठरवितो. सत्कर्म हें या तारणाचें फल आहे, साधन नव्हे. विश्वास ठेवणाराचा याच देहीं ‘नवा जन्म’ होतो असें म्हणतात. त्याचा आपल्या पुनर्जन्माशीं कांहीं संबंध नाहीं. रोमन कॅथलिक पंथही ख्रिस्ताच्या मरणावरच तारण उभें करितो; परंतु तेथें धर्मसभा व तिचे संस्कार यांस मोठें स्थान आहे, तर सुवार्तावादी उपदेशांत सर्व भर व्यक्तीच्या विश्वासावर व शास्त्रग्रंथाच्या प्रामाण्यावर असतो.

२. ‘तारण’ शब्दांतील णिच्

या सर्व शिकवणीस मराठींत कोणता शब्द द्यावा हा भाषांतरकारांपुढील पहिला प्रश्न होता. ‘मोक्ष’ व ‘मुक्ति’ हे शब्द तयार होते. दोन्ही मुच् धातूपासून आलेले, अर्थ, सुटणें. परंतु मोक्ष म्हटला कीं आपल्या वाचकाच्या मनांत जन्ममरणाची फेरी, कर्मबंध व ज्ञान हा सर्व परिवार उभा राहतो. प्रॉटेस्टंट बायबलांत प्रधान शब्द म्हणून रूढ झाला तो ‘तारण’, व तो करणारा ‘तारणारा’. मुक्ति हा शब्द अगदींच टाकला गेला नाहीं. खंडणी भरून होणारी सुटका या विशेष अर्थीं तो राहिला.

तारण शब्दाची घडण पाहण्यासारखी आहे. तॄ म्हणजे तरून जाणें. त्याचें भाववाचक तरण. त्यास प्रयोजक णिच् लागून तारयति, आणि त्यापासून तारण, म्हणजे दुसऱ्यास पार नेणें. जो तरतो तो स्वतःच्या बळानें पोहतो. ज्याचें तारण होतें त्यास कोणी तरी नावेंत घेतलेलें असतें. मनुष्य स्वतः तरत नाहीं, तो तारिला जातो, हा सुवार्तावादी शिकवणीचा गाभा आहे, आणि तो या एका णिच् प्रत्ययांत सांठविलेला आहे. भाषांतरकारांनीं व्याकरणाचा हा विचार करूनच शब्द निवडला असा आमचा आग्रह नाहीं. परंतु तो टिकला याचें एक कारण या योग्यतेंत असावें असें आम्हांस वाटतें.

यावर कोणी म्हणेल कीं, भवसागरांतून तारणारा देव हा तर आमच्या संतांचा नित्याचा विषय आहे, आणि काशींत तारक मंत्राची श्रद्धाही प्रसिद्ध आहे. हें खरें आहे. म्हणूनच एकट्या शब्दावरून निर्णय करूं नये. कागदास तीन प्रश्न विचारावे : कशापासून तारण, कोणाकडून, आणि कितीदा घडलेल्या कृत्यानें? संसारचक्रापासून कीं अपराधाच्या दंडापासून. नामस्मरणानें प्रसन्न झालेल्या देवाकडून कीं दंड आपणावर घेणाऱ्या मध्यस्थाकडून. युगायुगीं होणाऱ्या अवतारानें कीं इतिहासांत एकदांच घडलेल्या मरणानें? तिन्ही उत्तरें दुसऱ्या बाजूस पडलीं तर पानें ख्रिस्ती समजावींत.

तारण शब्दास आणखी एक अंग आहे व त्यानेंच आमच्या दप्तरदारांस फसविलें. व्यवहारांत तारण म्हणजे कर्जाबद्दल ठेविलेली वस्तु. ‘खंडणी’ हा शब्द तर पेशवाई कागदांच्या अभ्यासकास स्वप्नांतही ओळखूं येईल. मुलूख लुटीपासून वांचविण्याकरितां भरावयाची रक्कम ती खंडणी. मराठी बायबलांत ख्रिस्तानें पुष्कळांकरितां दिलेल्या प्राणास हाच शब्द लाविला आहे. ज्या प्रांतीं घोडेस्वारांची धाड व खंडणीची मागणी लोकांच्या स्मरणांत ताजी होती, तेथें हा शब्द ऐकणारास दंडमुक्तीचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नव्हती.

३. शब्दांचा इतिहास

मराठींत ख्रिस्ती तारणकथा प्रथम विस्तारानें गाइली ती प्रॉटेस्टंटांनीं नव्हे. इंग्रज जेसुइट फादर टॉमस स्टीफन्स हा इ. स. १५७९ त गोव्यास आला आणि साष्टी प्रांतीं राहून त्यानें ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचिलें. तें १६१६ त रोमन लिपींत छापलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ त पुन्हा छापलें. परंतु या तीन आवृत्तींची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. हस्तलिखितांवरून सालढाणा यांनीं १९०७ त मंगळूर येथें तें पुन्हा प्रसिद्ध केलें. देवनागरी लिपींतील जी प्रत मार्स्डेन संग्रहांतून लंडनच्या प्राच्यविद्या-संस्थेकडे आली, तींत धर्मविषयक पोर्तुगीज शब्दांच्या जागीं संस्कृत वळणाचे शब्द आढळतात. स्टीफन्स स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हणतो. तेव्हां ओवी आहे व वैकुंठ आहे एवढ्यावरून पान वैष्णव ठरत नाहीं, हें संग्राहकानें ध्यानांत धरावें.

प्रॉटेस्टंट वाङ्मयाचा आरंभ बंगालांतील श्रीरामपूर येथें झाला. विल्यम केरी यानें वैजनाथ पंडितांच्या साह्यानें मराठीचें काम चालविलें. १८०५ त व्याकरण, १८१० त कोश व १८११ त नवा करार निघाला. त्या छापखान्यानें मोडीचे खिळे पाडिले होते आणि कोश त्या खिळ्यांनींच छापला. मोडींत छापलेलें पान हातीं आलें तर तें सरकारी असेल असें गृहीत धरूं नये, एवढा बोध यावरून घ्यावा. मुंबईंत गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ त उतरले. त्यांच्या मिशननें १८१७ त मत्तयाचें शुभवर्तमान, १८२६ त नवा करार व १८४७ त संपूर्ण बायबल मराठींत काढिलें. हॉल हा १८२६ सालींच नाशिकहून परततांना वाटेंत पटकीनें मरण पावला. १८४२ त अहमदनगरास सुरू झालेला ‘ज्ञानोदय’ याच मिशनचा.

पंथ ओळखण्यास कांहीं शब्द फार उपयोगी पडतात. वसई व गोवें या बाजूच्या कॅथलिक परंपरेंत ‘जेजू’ असें नाम, प्रार्थनास्थानास ‘देऊळ’ व चिन्हास ‘क्रूस’ म्हणतात. प्रॉटेस्टंट लेखनांत ‘येशू’, भक्तसमुदायास ‘मंडळी’, दीक्षेस ‘बाप्तिस्मा’ व क्रूसास ‘वधस्तंभ’ असे शब्द येतात. आमच्या चार पानांत येशूचें नांव कोठेंच नाहीं, सर्वत्र ‘प्रभु’ आहे. परंतु दुसऱ्या पानावर ‘वधस्तंभ’ व ‘मंडळी’ हे दोन शब्द आहेत आणि त्यांवरूनच पंथाचा निश्चय झाला.

४. परीक्षा

दुसऱ्या विषयाचें नांव आमच्या पानांत ‘आत्म्यांची परीक्षा’ असें आहे. ज्यास प्रेरणा झाली असें कोणी सांगतो, त्याची प्रेरणा ईश्वराकडून, स्वतःच्या मनाकडून कीं दुष्ट आत्म्याकडून, हें पारखून घ्यावें अशी ख्रिस्ती शास्त्राची आज्ञा आहे. कसोट्या मुख्यतः तीन सांगतात : तो आत्मा देहधारी होऊन आलेल्या ख्रिस्तास मान्य करितो काय, त्याचें बोलणें शास्त्राशीं जुळतें काय, आणि त्याचें फळ सदाचरणांत दिसतें काय. सोनें कसास लावून, कापून व तापवून पाहावें या आपल्या जुन्या दृष्टांताहून ही रीति फार दूर नाहीं.

परीक्षा हा शब्द या वाङ्मयांत दुहेरी शस्त्र झाला. जॉन विल्सन यांच्याशीं मोरभट दांडेकर यांचा मुंबईंत वाद झाला व १८३१ त दांडेकरांचें ‘हिंदुधर्मस्थापना’ निघालें. १८३९ त जॉन म्यूर यांनीं संस्कृतांत ‘मतपरीक्षा’ लिहून हिंदु मतास कसोटी लाविली. सोमनाथ या नांवानें त्यास संस्कृतांतच ‘मतपरीक्षाशिक्षा’ असें उत्तर आलें. हे सोमनाथ म्हणजे सिहोरचे सुबाजी बापू असें संशोधकांनीं ओळखिलें आहे. काशीस राहणारे कोंकणस्थ पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांनीं १८४४-४५ च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून म्यूर यांचें खंडन केलें. पुढें खंडनाकरितां बायबल वाचतां वाचतां त्यांचेंच मन पालटलें, व १८४८ त त्यांनीं बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या हें नांव धारण केलें. १८५७ त विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनीं मुंबईच्या समुद्रकिनारीं मिशनऱ्यांशीं जे वाद केले, ते प्रसिद्धच आहेत. वादांचे हे कागद एकाच बाजूचे जतन केले तर दुसरी बाजू निरर्थक होते. प्रश्न फेंकून दिला तर उत्तर कशाचें तें कळत नाहीं. ‘हिंदुधर्मस्थापना’ जपणाऱ्यानें विल्सनची पुस्तिकाही जपली पाहिजे, ती एवढ्याकरितां.

परीक्षेचा सर्वांत बोधप्रद प्रसंग मात्र ख्रिस्ती समाजाच्या आंतच घडला. पंडिता रमाबाई यांनीं १८८३ त इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या मतपरिवर्तनांत गोऱ्हे यांच्या लेखनाचा भाग होता. पुढें १८९१ च्या सुमारास, धर्म स्वीकारला तरी तारक अद्याप लाभला नव्हता, असा अनुभव त्यांस आला. येथून त्यांची वृत्ति सुवार्तावादी झाली. केडगांव येथील त्यांच्या मुक्ति मिशनांत १९०५ त मोठें जागरण झालें. मुली रडत पापें कबूल करूं लागल्या, तासन् तास प्रार्थना चालल्या, पुढें अपरिचित भाषांत बोलण्याचे प्रकारही झाले. हा पवित्र आत्मा कीं भावनेचा उद्रेक, असा वाद ख्रिस्ती लोकांतच माजला. रमाबाईंनीं जागरणाचा कैवार घेतला, परंतु कसोटी म्हणून बाह्य चिन्हांपेक्षां पालटलेल्या जीवनाकडेच बोट दाखविलें.

त्याच रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचें मराठी भाषांतर केलें. त्या १९२२ त वारल्या व ग्रंथ १९२४ त प्रसिद्ध झाला. ज्या विदुषीस कलकत्त्याच्या पंडितांनीं ‘सरस्वती’ ही पदवी दिली, तिनेंच या भाषांतरांत हिंदु तत्त्वज्ञानाचा वास असलेले संस्कृत शब्द जाणून टाळिले व साध्या बायाबापड्यांची मराठी घेतली. शब्दांचें मोल जाणणाऱ्यासच त्यांचें भय वाटतें. उलट पक्षीं १८९५ त ख्रिस्ती झालेले कवि ना. वा. टिळक यांनीं वारकरी संतांचा अभंग व त्यांची भाषा मोकळ्या मनानें घेतली. तेव्हां संस्कृत किंवा संतांचे शब्द कमी म्हणून कागद उत्तरकालीन, किंवा अधिक म्हणून पूर्वकालीन, असा नियम बांधतां येत नाहीं.

५. शेवट

आतां श्वेत अश्व. बायबलाच्या अखेरच्या, प्रकटीकरण या ग्रंथांत पांढऱ्या घोड्यावर बसून न्याय व युद्ध करणाऱ्या पुरुषाचें दर्शन आहे. कल्कीचेंही वर्णन अश्वारूढ व खड्गधारी असेंच आहे. भेद दोन आहेत. पहिला असा कीं, प्रकटीकरणांत तरवार हातांत नसून मुखांतून निघते. ती वचनाची तरवार आहे. दुसरा भेद काळाचा. आपल्या गणनेंत कलियुगाचीं ४,३२,००० वर्षें सरल्यावर कल्कीच्या मागून पुन्हा कृतयुग येतें. प्रलय हा विराम आहे, समाप्ति नव्हे. ख्रिस्ती मतांत सृष्टि एकदां झाली, तारण एकदां झालें, आणि शेवटही एकदांच व्हावयाचा : प्रभूचें दुसरें आगमन, मृतांचें पुनरुत्थान, न्याय, मग नवें आकाश व नवी पृथ्वी. पुनरुत्थान म्हणजे त्याच व्यक्तीचें देहासह उठणें. पुनर्जन्माचा तेथें संबंध नाहीं. आमच्या पानावर तरवार मुखांतूनच निघते. मित्रांच्या कल्किपुराणाचा निकाल तेथेंच लागला.

शेवटाविषयीं ख्रिस्ती लोकांतही एकमत नाहीं, आणि हाच मतभेद काळनिर्णयास कांहीं साह्य करितो. प्रकटीकरणांत ख्रिस्ताच्या सहस्र वर्षांच्या राज्याचा उल्लेख आहे. एक पक्ष म्हणतो, सुवार्ता हळूहळू जगभर पसरून हें राज्य येईल व त्यानंतर प्रभु येईल. दुसरा म्हणतो, प्रभु आधीं अकस्मात् येईल व मग राज्य स्थापील. तिसरा त्या वर्षांचा अर्थ लाक्षणिक घेतो. आरंभींच्या अमेरिकन मिशनऱ्यांत पहिली आशा बळकट होती. गॉर्डन हॉल यानें न्यूएल याच्यासह १८१८ त जगांतील साठ कोटी लोकांच्या धर्मांतराचें जें आवाहन प्रसिद्ध केलें, तें याच उमेदीचें. दुसरा पक्ष १८३० नंतर डार्बी प्रभृतींनीं नव्या स्वरूपांत मांडिला आणि १९०९ त निघालेल्या स्कोफील्डच्या सटीप बायबलानें तो दूरवर पसरला. म्हणून हळूहळू वाढणाऱ्या राज्याची भाषा असेल तर पान जुन्या पिढीचें, आणि अकस्मात् आगमनाची भाषा असेल तर नंतरचें असण्याचा संभव अधिक. हें अनुमान आहे, प्रमाण नव्हे. कागद, शाई व अक्षराचें वळण यांची साक्ष घेतल्यावांचून त्यावर भार टाकूं नये.

शेवटाचा दिवस मोजून काढण्याचा मोह पुष्कळांस झाला. अमेरिकेंत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनीं २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला होता. तो आला आणि गेला. वस्तुतः तो दिवस कोणास ठाऊक नाहीं असें त्यांचें शास्त्रच सांगतें. येथें आमच्या पानांचा क्रम सार्थ दिसतो. लेखकानें तारण व शेवट यांच्या मध्यें परीक्षा घातली आहे. कारण तिच्यावांचून पहिल्याची आशा व दुसऱ्याचें भय हीं दोन्ही मनुष्यास भलत्याच्या हातीं देतात.

६. संग्राहकांस विनंति

असें पान मिळाल्यास तें ज्या रुमालांत मिळालें त्याची नोंद प्रथम करावी. स्थान हाही पुरावा आहे. आमचीं पानें सावकारी दप्तरांत चुकून आलीं, कीं कोणी घरांतल्यांनींच तीं दृष्टीआड ठेविलीं, हें सांगणारी त्या रुमालाची गांठ आमच्या आधींच सुटली होती. मग वर सांगितलेले तीन प्रश्न विचारावे, पंथदर्शक शब्द टिपावे आणि शेवटाची भाषा पाहावी. शंका राहिली तर शंका म्हणूनच लिहावी, पण पान टाकूं नये.

भिवंडीचीं चार पानें आम्हीं त्याच रुमालांत, परंतु निराळ्या वेष्टनांत ठेविलीं आहेत. वेष्टनावर लिहिलें आहे : ‘ख्रिस्ती उपदेश, प्रॉटेस्टंट, आद्यंतरहित, अकस्मात् आगमनाचा पक्ष, काळ अनिश्चित, गहाणखतांत सांपडला.’ एखाद्या वाचकाच्या संग्रहांत वधस्तंभ, खंडणी व मुखांतील तरवार एकत्र असलेलीं पानें असतील, तर तीं याच ग्रंथाचा आरंभ किंवा शेवट असूं शकतील. त्यांनीं तीं एकवार पडताळून पाहावीं, एवढीच आमची प्रार्थना आहे.